उस्तादांच्या खिशातला चमचा

मित्रांनो, जरा हळू बोला. मी चमचा आहे आणि फार थकलो आहे. चमच्याला कसला आलाय थकवा, असं तुम्ही म्हणाल. खुशाल म्हणा. पण आधी माझी ही एक कड बघा, पातेल्यांचे तळ खरवडून ती कागदासारखी पातळ झाली आहे. माझी मान बघा, ती मुद्दाम वाकवलेली आहे. माझ्या पोटावर इतके चरे आहेत की आता त्यात कुणाचं तोंड दिसत नाही. एवढं आयुष्य काढल्यावर कुणीही थकेल, मग तो स्टीलचा का असेना.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे एका बाजूनं यंत्रात पत्रा जायचा आणि दुसऱ्या बाजूनं आम्ही भावंडं खणखणत टोपलीत पडायचो. मग आम्हाला घासून चकचकीत केलं, दोऱ्यानं बांधलं आणि भांड्यांच्या दुकानात पाठवलं. त्या दिवसांत मी असा चमकायचो की दुकानात आलेली माणसं माझ्यात आपलं तोंड बघायची आणि ते उलटं दिसलं की हसायची. माझं स्वप्न साधं होतं. काचेची वाटी असावी, वाटीत काहीतरी गोड असावं आणि एखाद्या मुलीनं मला चाटूनपुसून ठेवावं. पण मला उचललं एका आचाऱ्यानं. गोडाचं स्वप्न तिथेच बारगळलं.

हे आचारी एका मोठ्या गिरणीच्या कॅन्टीनमध्ये काम करायचे. त्यांना सगळे उस्ताद म्हणत. उस्तादांनी मला विकत घेतलं आणि दुकानाच्या पायरीवरच गुडघ्यावर दाबून माझी मान वाकवली. काय दुखलं म्हणून सांगू! पण त्या वाकड्या मानेमुळे मी त्यांच्या शर्टाच्या खिशाला बरोबर अडकून बसलो. लोक खिशाला पेन लावतात, उस्तादांनी चमचा लावला. तेव्हापासून त्यांची छाती हेच माझं घर झालं.

कॅन्टीनमध्ये माझं काम एकच होतं, चव बघायची. हंडा उतरायच्या आधी उस्ताद मला खिशातून काढत, उकळत्या रश्श्यात बुडवत, फुंकर मारल्यासारखं करत आणि तोंडात घालत. मग डोळे मिटत. सगळी कॅन्टीन त्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत उभी राहायची. ते उघडून उस्ताद म्हणत, "वाढा." एवढं म्हटलं की झालं. कामगार ताटं घेऊन रांगेत सरकायचे आणि जाता जाता म्हणायचे, "उस्ताद, आज हात चाटत राहिलो." ते ऐकून उस्ताद मला फडक्यानं पुसत आणि परत खिशात ठेवत. त्या कौतुकात माझाही वाटा आहे असं मी धरून चालायचो.

त्या कॅन्टीनचा एक नियम होता. शेवटचा कामगार जेवून उठेपर्यंत आचाऱ्यानं जेवायचं नाही. मात्र चव बघायला हरकत नव्हती, कारण चव बघणं म्हणजे खाणं नव्हे. हा नियम कुणी भिंतीवर लावला नव्हता, पण उस्तादांच्या अंगात तो पुरता भिनला होता. सकाळपासून ते हंड्याहंड्यातून चाखत फिरायचे आणि कुणी विचारलं तर म्हणायचे, "अजून पोटात काही नाही बघ." ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच तसं वाटायचं. दिवसभर उभं राहून गुडघे धरले की ते काळ्या चहाबरोबर दुखण्यावरची गोळी घ्यायचे, तीही रिकाम्या पोटी. मी खिशात होतो, गोळ्यांचं पाकीट माझ्या शेजारीच असायचं. शेजारी म्हणून ते मला कधी आवडलं नाही.

मग उस्ताद कामावरून निवृत्त झाले आणि आम्ही दोघं कायमचे घरी आलो. घरी त्यांचा मुलगा होता, तो बसच्या दुरुस्तीच्या कामाला होता. सून शर्टाच्या कारखान्यात शिलाईला जायची. आणि शाळेत जाणारी एक नात होती, ती मला आजोबांचा पेन म्हणायची. सून बिचारी लग्न होऊन आली तेव्हापासूनच धास्तावलेली होती. सासरा असा नावाजलेला आचारी, त्याच्यापुढे आपण काय शिजवणार? पहिल्या दिवशी तिनं दारातूनच हळूच विचारलं होतं, "बाबा, जरा चव बघता का?" उस्तादांनी मला काढलं, चाखलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "वाढ." तिचा जीव भांड्यात पडला.

तो दिवस आणि त्यानंतरचा प्रत्येक दिवस. उस्तादांनी चव बघितल्याशिवाय त्या घरात ताट वाढलं जात नसे. आता घरी वेळच वेळ होता, म्हणून ते निवांत तीन चमचे चाखायचे. पहिला चमचा मिठाचा, दुसरा तिखटाचा आणि तिसरा खात्रीचा. खात्रीचा चमचा नेहमी जरा जास्तच भरलेला असायचा. सून हसायची. तिला खरं तर विचारायची गरज उरली नव्हती, पण न विचारता तिच्या हातून भांडं खाली उतरत नसे.

असं सगळं चाललं होतं आणि एक दिवस उस्ताद न्हाणीघरातून भिंत धरत बाहेर आले. चेहरा पांढराफटक झालेला. "सूनबाई, पाणी," एवढंच म्हणाले आणि खाली बसले. त्यांना दवाखान्यात नेलं. तिथे घशातून नळी घालून पोटात बघितलं. पोटाच्या आतल्या अस्तराला जखमा झाल्या होत्या आणि एका जखमेतून रक्त गेलं होतं. त्याला अल्सर म्हणतात, हे मी तिथेच शिकलो. तिथेही मी त्यांच्याबरोबरच होतो, नर्सनं मला खिशातून काढून उशाशी ठेवलं होतं.

डॉक्टरबाई शांत आवाजात बोलायच्या. त्यांनी सगळं समजावून सांगितलं. रिकाम्या पोटी घेतलेल्या गुडघ्यांच्या गोळ्यांनी हा घोळ केला होता. त्या गोळ्या बंद. पोटातलं आम्ल कमी करणारं औषध रोज, न चुकता. थोडं थोडं, पण वेळेवर खायचं, पोट फार वेळ रिकामं ठेवायचं नाही. "तिखटानं या जखमा झाल्या असं नाही," त्या म्हणाल्या, "पण झालेल्या जखमेला ते झोंबतं. म्हणून सध्या तिखट नको, आंबट नको, काळा चहा नको, कढत काही नको. मऊ आणि कोमट खा." मग मुलाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "पुन्हा रक्त गेलं तर ऑपरेशन करावं लागेल. या वयात मला ते नको आहे." मुलगा परत आला तेव्हा त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

घरी आल्यावर सगळे कामाला लागले. गोळ्यांचं जुनं पाकीट कचऱ्यात गेलं. सुनेनं फळीवरून एक छोटं पातेलं काढलं आणि सांगून टाकलं, हे बाबांचं. त्यात त्यांच्यापुरता मऊ भात शिजायचा, कधी बटाटा, कधी भोपळा. औषध ती स्वतः त्यांच्या तळहातावर ठेवायची आणि पाणी पिऊन होईपर्यंत समोर उभी राहायची. नात शाळेतून आली की केळं सोलून द्यायची. असं डोळ्यांत तेल घालून जपणारं घर मी दुसरं बघितलं नाही. आणि त्याच घरात, रोज, मोठं पातेलं उतरायच्या आधी सून हाक मारायची, "बाबा, जरा चव बघता का?"

मित्रांनो, तुम्हाला हसू येईल. पण त्या घरात कुणालाच काही चुकतंय असं वाटलं नाही. पथ्य खाण्याचं होतं. चव बघणं म्हणजे खाणं नव्हे, हे सगळ्यांना इतकं पाठ होतं की तो विचारच कुणाच्या मनाला शिवला नाही. उस्ताद उठायचे, मला काढायचे, लालभडक उकळत्या रश्श्यात बुडवायचे. मिठाचा, तिखटाचा, खात्रीचा. मग ते आपल्या छोट्या पातेल्यातला पांढरा भात समोर घेऊन बसायचे आणि दोन घासांत ताट बाजूला सारायचे. जीभ चाळवलेली, त्यात तो बिनचवीचा गोळा कसा गिळावा? सून ताट उचलायची आणि म्हणायची, "बाबांची भूकच मेलीय." मला सगळं कळत होतं. पण चमच्याला तोंडात जाता येतं, तोंड उघडता येत नाही.

उस्तादांचं दुखणं परत सुरू झालं. ते पोटाशी उशी धरून बसायला लागले. शर्ट खांद्यावरून घसरायला लागला आणि त्याच्याबरोबर माझा खिसाही खाली लोंबायला लागला. एकदा मुलगा कामावरून आला आणि हात न धुताच त्यांच्यासमोर बसला.

"बाबा, खरं सांगा. कोपऱ्यावर जाऊन काही खाता का? चहा पिता का?"

"मी खोटं बोलतो का रे?" उस्ताद म्हणाले.

"मग बरं का वाटत नाही?"

"ते मला काय विचारतोस? पोटाला विचार."

मुलगा हात धुवायला उठला. पण त्याचा संशय काही गेला नाही आणि उस्तादांना तो लागला. त्या दिवशी बापलेक एकमेकांशी बोलले नाहीत.

शेवटी सगळे पुन्हा दवाखान्यात गेले. डॉक्टरबाईंनी वजन केलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. औषध घेता का? घेतात, सून म्हणाली, मी हातावर देते. गुडघ्यांच्या गोळ्या? टाकून दिल्या, मुलगा म्हणाला. "आणि तिखट?"

"दवाखान्यातून गेल्यापासून तिखट खाल्लं असेन तर शपथ," उस्ताद म्हणाले. मुलानं मान हलवली. सुनेनंही हलवली. मित्रांनो, तिघंही खरं बोलत होते, हीच तर पंचाईत होती.

डॉक्टरबाईंनी छाती तपासायला नळी कानाला लावली. मी मध्ये आलो. "हे काय आहे खिशात?" असं म्हणून त्यांनी मला बाहेर काढलं. खिशाच्या तळाशी लाल तेलाचा डाग होता, तो त्यांना दिसला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, डागाकडे बघितलं, मला नाकाशी नेलं.

"आजोबा, हा चमचा कशाला?"

"चव बघायला."

"कशाची?"

"घरात जे शिजेल त्याची. सूनबाई बोलावते, मी बघतो."

"मग चूळ भरून टाकता?"

उस्ताद दुखावले. "अन्न थुंकायचं? भलतंच."

"म्हणजे गिळता."

"गिळतो की. पण ते खाणं नव्हे."

सुनेचा हात तोंडावर गेला होता. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्यांनी मला अलगद टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "तुमच्या जिभेसाठी ती नुसती चव असेल, आजोबा. पोटाला ते कसं कळणार?" उस्ताद माझ्याकडे बघत राहिले. एवढ्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे असं परक्यासारखं कधी बघितलं नव्हतं.

घरी येताच सुनेनं मला स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये टाकलं. तिथे सुतळी होती, संपलेल्या बॅटऱ्या होत्या, बाटल्या उघडायची एक गंजकी चावी होती. ड्रॉवर नीट लागत नसे, बोटभर फट राहायची, म्हणून मला जग तेवढं तरी दिसत होतं. तिनं उस्तादांना हाक मारायचं बंद केलं. तिला वाटत होतं, आपणच रोज बोलावून बोलावून त्यांना हे विष चारलं. रस्सा कधी खारट व्हायचा, कधी पाणचट, पण मुलगा हूं की चूं न करता जेवायचा.

आणि उस्ताद? ते बाहेरच्या खोलीत खुर्चीत बसून राहायचे. जेवणाची वेळ झाली की अजूनही त्यांचा हात खिशाकडे जायचा आणि रिकाम्या कापडावरून परत यायचा. हाक यायची नाही. पोटातली आग थोडी कमी झाली होती, पण आता छोट्या पातेल्यातले दोन घासही जाईनात. "ठेव बाजूला, भूक नाही," एवढंच म्हणायचे. डॉक्टरबाईंनी फोनवर स्पष्ट सांगितलं की पोटात अन्न गेलं नाही तर अंगात ताकद राहणार नाही आणि जखम भरणार नाही. घरच्यांच्या नाकी नऊ आले. समजावून झालं, रागावून झालं, नातीनं लाडीगोडी लावून झाली. ड्रॉवरमध्ये मीही हळूहळू काळवंडत गेलो. खरं सांगतो, मला वाटलं की आता आम्हा दोघांचं संपलं.

मग एका सुट्टीच्या दिवशी दुपारी सून मोठ्या पातेल्यापाशी उभी होती. मागच्या शेगडीवर छोटं पातेलं होतं, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं. ते नेहमी असंच मागच्या मागे शिजायचं. बाहेरून उस्तादांचा आवाज आला. "सूनबाई, मागचं भांडं खाली लागतंय."

"राहू द्या हो बाबा," ती घाईत बोलून गेली, "तुमचंच तर आहे."

बोलली आणि थांबली. मोठ्या पातेल्याची रटरट तेवढी ऐकू येत होती. सुनेनं दोन्ही शेगड्या बंद केल्या. काहीतरी शोधावं म्हणून तिनं ड्रॉवर ओढला आणि तिच्या हाताला मी लागलो. तिनं मला धुतलं, छोट्या पातेल्यात बुडवलं आणि तो घास स्वतःच्या तोंडात घातला.

मित्रांनो, मी मोठमोठे हंडे बघितले आहेत, पण असा घास मी कधी उचलला नव्हता. वर नुसतं पाणी, आत कच्चा दाणा, खाली करपलेला वास, आणि मीठ घालायचंच राहिलेलं. सुनेनं तो कसाबसा गिळला. उस्ताद दाराशी येऊन उभे होते.

"बाबा, हे असं तुम्ही रोज खाता?"

"खात नाही, म्हणून तर तुम्ही सगळे ओरडता," उस्ताद म्हणाले.

ती हसायला गेली आणि रडायलाच लागली. दंडानं डोळे पुसत म्हणाली, "मोठ्या भांड्याची चव रोज तुमच्याकडून बघून घेतली. हे कधी चाखलंच नाही हो मी. पथ्याचं आहे, उकडून टाकलं की झालं, असंच धरून चालले." उस्ताद स्टूल ओढून बसले. मग त्यांनी हात पुढे केला आणि म्हणाले, "आण इकडे तो चमचा. आधी हे भांडं भिजत घाल. डॉक्टरीणबाईंनी तिखट बंद केलंय, चव बंद केलेली नाही."

त्या दुपारी उस्तादांनी बसल्या जागेवरून स्वयंपाक केला. तांदूळ आधी कोरडेच जरा परतायला लावले, म्हणजे भात मऊ होऊनही त्याला वास राहतो. भोपळा बारीक चिरून झाकण ठेवून स्वतःच्याच पाण्यात शिजवायला लावला. गाजर किसून घातलं, चिमूटभर मीठ, उतरताना एवढंसं लोणी. शंका आली तिथे सुनेनं डॉक्टरबाईंना फोन करून विचारलं. मग भांडं कोमट होऊ दिलं. कोमट झाल्यावर उस्तादांनी मला बुडवलं, चाखलं आणि डोळे मिटले. आम्ही सगळे बघत राहिलो. ते म्हणाले, "वाढ."

आता त्यांच्यापुढे दुसरी अडचण उभी राहिली. त्यांना सगळ्यांच्या आधी, वेळेवर जेवायला हवं होतं. आचाऱ्यानं आधी जेवायचं, ही कल्पनाच त्यांना सहन होईना. सून म्हणाली, "आता तुम्ही आचारी नाही, गिऱ्हाईक आहात. बसा गुपचूप." ते कुरकुरत बसले आणि ताट संपवून उठले. तिनं रिकामं ताट उचललं आणि किती वेळ तसंच हातात धरून ठेवलं.

मोठ्या पातेल्याची चव आता सून बघते, तिच्या स्वतःच्या चमच्यानं. उस्ताद स्टुलावर बसून फक्त वास घेतात आणि रटरट ऐकतात. सुरुवातीला ती म्हणायची, "बरं झालंय वाटतं." ते म्हणायचे, "वाटतं नको. जीभ तुलाही आहे, नक्की काय ते सांग." आता ती चाखते, डोळे मिटते आणि स्वतःच म्हणते, "वाढते." उस्ताद मान डोलावतात. पण त्यांचं छोटं पातेलं उतरायच्या आधी ती त्यांना अजूनही हाक मारते, आणि मी त्यांच्या खिशातून निघतो.

पुढच्या खेपेला डॉक्टरबाईंनी परत नळी घालून बघितलं. जखम भरत आली होती. त्यांनी सांगितलं की औषध अजून काही दिवस चालू ठेवायचं आणि ऑपरेशनचा विचार आता सोडून द्यायचा. मुलानं बाहेर येऊन बापाच्या खिशाला माझी मान नीट अडकवली आणि म्हणाला, "बाबा, त्या दिवशी उगाच तुमच्यावर संशय घेतला." उस्ताद म्हणाले, "चल, जेवायची वेळ झालीय."

उस्ताद थकलेत. जिना चढताना मध्ये दोनदा थांबतात, आणि खिशातून मला त्यांचा श्वास ऐकू येतो. मीही थकलोय. माझी कड आता कधीही मोडेल आणि मग मला कुणी ठेवणार नाही, हे मला ठाऊक आहे. माझी त्याबद्दल तक्रार नाही. मला उकळत्या रश्श्याचं कौतुक पुष्कळ मिळालं, पण त्या भोपळ्याच्या भातानं जे समाधान दिलं ते त्या हंड्यांनी दिलं नाही.

एक मात्र मागतो, मित्रांनो. तुमच्या घरात कुणा आजीचं, आजोबांचं, काकांचं पथ्याचं भांडं मागच्या शेगडीवर वेगळं शिजत असेल. तुम्ही त्याच्याकडे बघतही नसाल, कारण ते तुमचं नाही. आज त्यात एक चमचा बुडवा आणि स्वतः चाखून बघा. नंतर काय करायचं, ते तुम्हाला कुणी सांगावं लागणार नाही.